मुद्दल खाऊन घर चालत नाही

मंडळी, ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या दोन बेडरूमच्या घरात, तेही मालकी हक्काने आणि एक पैसा न देता. टीव्हीवर म्हाताऱ्या बायका नव्या स्वयंपाकघरात उभ्या राहून रडत होत्या, ते बघून माझेही डोळे भरून आले. शंभर वर्षं सार्वजनिक संडासासमोर रांग लावलेल्या माणसांना घरात नळ आणि संडास मिळाला, याचं ज्याला वाईट वाटेल तो माणूसच नव्हे.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून आमच्याच नात्यातले दोघं-तिघं रागावणार आहेत. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी सगळ्यांचं एकच म्हणणं होतं : "बघा, सरकारने मनात आणलं तर असं होतं. तिजोरीतून काही न काढता गरिबाला घर!" मला त्या वाक्याबद्दलच बोलायचं आहे. गरिबाला घर मिळालं याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती "तिजोरीतून काही न काढता" याबद्दल, आणि शहराकडे होतं ते घर कायमचं शहराच्या हातातून गेलं याबद्दल.

शाळेत सरळव्याज शिकवताना मी मुलांना सांगायची, की मुद्दल आणि व्याज यांत गल्लत करू नका. मुद्दल राखून व्याजावर भागवणारं घर तरतं. मुद्दल मोडून सण साजरे करणारं घर चार दिवस फार थाटात दिसतं. मुंबई गेली पन्नास वर्षं घरांच्या बाबतीत मुद्दल मोडून सण साजरे करते आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

थोडा इतिहास सांगते. शिक्षकी पेशाची खोड, सांभाळून घ्या. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि कामगार गाव गाठू लागले तेव्हा सरकारला जाग आली, की ही माणसं राहतात कुठे ते बघायला हवं. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. पुढे १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी, प्रत्येक चाळीत ऐंशी खोल्या. पैसा कुठून आणला? कर्ज काढलं, आणि त्याच्या जोडीला मुंबईत येणाऱ्या कापसावर गाठीमागे एक रुपया कर बसवला. ज्या धंद्याला कामगार हवे होते त्याच धंद्याकडून त्यांच्या घरांसाठी पैसा घेतला. इंग्रजांनी हे प्रेमापोटी केलं असं मी म्हणत नाही. त्या चाळी इतक्या तुरुंगासारख्या होत्या, की सुरुवातीला लोक तिथे राहायला जाईनात. पण दोन गोष्टी त्यांनी बरोबर केल्या. पैसा कुठून येणार ते उघडपणे ठरवलं, आणि घरं स्वतःकडे ठेवली. म्हणूनच शंभर वर्षं, चार-चार पिढ्या, अगदी थोड्या भाड्यात तिथे राहू शकल्या. गिरणीवाले, पोलीस, पोस्टमन, नर्स, माझ्या वर्गातली मुलं, सगळे.

मी परळ भागातल्या एका मराठी शाळेत १९७३ पासून निवृत्तीपर्यंत शिकवलं. शहराचं काय झालं ते मला कुठल्या अहवालाआधी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये दिसलं. सुरुवातीला पत्त्याच्या रकान्यात चिंचपोकळी, लालबाग, डिलाईल रोड, भोईवाडा हेच असायचं. १९८२ च्या संपानंतर दाखले काढायला पालक येऊ लागले. "कुठे चाललात?" म्हटलं की, "गावाला, बाई." नव्वदनंतर उत्तर बदललं. डोंबिवली, नालासोपारा, विरार, बदलापूर. आधी तुकड्या कमी झाल्या, मग पटसंख्या, मग शिक्षक. आणि जी माणसं गेली त्यांचं काम काही त्यांच्याबरोबर बदलापूरला गेलं नाही! हॉस्पिटलातली आया, बेस्टचा कंडक्टर, ऑफिसातला शिपाई, पोळ्या करणारी बाई, ही सगळी पहाटेची लोकल पकडून परत इथेच येतात. शहराला त्यांचे हात हवेत, पण रात्री त्यांनी पाठ टेकायला इथे जागा मागू नये, असा हा व्यवहार आहे.

आता हे मुद्दल गेलं कसं?

पहिला मार्ग म्हणजे भाडं गोठवणं. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. फाळणीनंतर लोंढे येत होते, तेव्हा ते गरजेचं होतं. पण ते पन्नास वर्षं तसंच ठेवलं. भाडेकरूला स्वस्त घर द्यायचं ओझं सरकारने स्वतः न उचलता घरमालकाच्या डोक्यावर ठेवलं, आणि घरमालकाने डागडुजी बंद करून ते इमारतीच्या डोक्यावर ठेवलं. इमारती पडायला लागल्यावर १९६९ साली कायदा करून उपकर बसवला आणि दुरुस्ती मंडळ काढलं. तेव्हा अशा १९,६४२ इमारती होत्या. विचार करा, एवढा मोठा स्वस्त घरांचा साठा शहराकडे आयता उभा होता. भाडं महागाईप्रमाणे थोडं थोडं वाढवत नेलं असतं आणि गरीब भाडेकरूला वाढीतला फरक सरकारने दिला असता, तर त्यातल्या कितीतरी इमारती आजही धडधाकट उभ्या असत्या. भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ करायची सोय शेवटी आली ती २००० सालच्या मार्चअखेर लागू झालेल्या नव्या कायद्याने. तोवर अनेक इमारतींच्या तुळया कुजून गेल्या होत्या.

दुसरा मार्ग, अटी घालून जमीन द्यायची आणि अटींकडे पाठ फिरवायची. कमाल जमीन धारणा कायदा १९७६ चा. पवईत १९८६ साली हेक्टरी एक रुपया भाड्याने जमीन दिली गेली, अट अशी की तिथे ४० आणि ८० चौरस मीटरची साधी घरं बांधायची. तिथे काय उभं राहिलं ते तुम्ही सगळ्यांनी बघितलं आहे. शेवटी २०१२ साली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की आधी ती लहान घरं बांधा. तोवर तो कायदाच २००७ मध्ये महाराष्ट्राने रद्द केला होता.

तिसरा मार्ग माझ्या डोळ्यांदेखत झाला, तो गिरण्यांच्या जमिनींचा. सुमारे ६०० एकर, शहराच्या ऐन मध्यावर. १९९१ च्या नियमांत ढोबळ मानाने एक तृतीयांश जागा मोकळी, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांना, एक तृतीयांश मालकाला अशी वाटणी होती. २००१ साली नियमात एक बारीक बदल झाला. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त जिच्यावर बांधकाम नाही तेवढ्या मोकळ्या तुकड्याची! गिरणी म्हणजे शेड्सच शेड्स, मोकळी जागा राहते किती? उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शहराच्या बाजूने कौल दिला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. घरासाठी अर्ज करणारे गिरणी कामगार आणि वारस दीड लाखाहून जास्त, आणि मिळालेली घरं त्याच्या आसपासही नाहीत. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील अर्जाची पावती प्लास्टिकच्या पिशवीत जपत जपत गेले. पावती आता मुलाकडे आहे.

आणि चौथा मार्ग, सध्या सगळ्यांचा लाडका : चटईक्षेत्र, म्हणजे आपण ज्याला एफएसआय म्हणतो ते, बिल्डरला वाढवून द्यायचं आणि त्या बदल्यात त्याने जुन्या रहिवाशांना फुकट घर द्यायचं. १९९५ साली झोपडपट्टीतल्या चाळीस लाख लोकांना अशी मोफत घरं मिळणार होती, म्हणजे आठ लाख घरं. तीस वर्षांत त्याच्या निम्मीसुद्धा झाली नाहीत.

"सरकारचा पैसा लागत नाही" हे इथलं पालुपद. मंडळी, एफएसआय म्हणजे हवा नव्हे. तो शहराचा ऐवज आहे. त्यावर जी माणसं राहायला येतात त्यांना पाणी शहराने द्यायचं, गटारं शहराने वाढवायची, लोकलमध्ये जागा शहराने करायची. खर्च आहेच. फक्त तो कुठल्या अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून फुकट वाटतो.

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. ही योजना चालते केव्हा? बाजूचा विकाऊ टॉवर प्रचंड महाग विकला गेला तरच. म्हणजे शंभर माणसांना परवडणारं घर मिळावं म्हणून आधी हजार माणसांना न परवडणाऱ्या किमती टिकून राहायला हव्यात! जागांचे भाव उतरले की स्वस्त घरांचं काम थांबणार. रोग बळावला तरच औषध मिळेल, असा हा दवाखाना आहे. गोरेगावच्या पत्रा चाळीतल्या ६७२ कुटुंबांना विचारा. २००८ मध्ये पुनर्विकासाचा करार झाला, त्यांनी राहती घरं सोडली, पुढे भाडं मिळणंही बंद झालं, आणि नव्या घराची वाट बघण्यात दहा वर्षांहून अधिक काळ गेला. त्या अवधीत कुणाची लग्नं झाली, कुणाची माणसं गेली.

म्हाडाच्या सोडतीबद्दलही बोलायला हवं, कारण आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी "नंबर लागलेला" असतोच. मुंबईच्या २०२४ च्या सोडतीत घरं होती २,०३० आणि अर्ज एक लाख तेरा हजारांच्या वर. साधारण छप्पन्न जणांत एक. त्याच्या आदल्या वर्षीच्या सोडतीत ताडदेवचं एक घर साडेसात कोटींचं होतं. आता साडेसात कोटी देणाऱ्याला सरकारी सोडतीची काय गरज, हे मला कोणी समजावून सांगावं. बरं, स्वस्त घर ज्याला लागलं त्याने पाच वर्षं थांबायचं, मग बाजारभावाने विकायला मोकळा. त्याचं भलं झालं, आनंद आहे. पण सरकारने सवलत घातली ती एकाच माणसाच्या खिशात, एकदाच. पुढच्या गरजू माणसाला ते घर कधीच मिळणार नाही. रेशन दुकानदाराने छप्पन्न जणांच्या रांगेतल्या एकाला जन्मभराचं धान्य चिठ्ठी टाकून द्यावं आणि बाकीच्यांना "पुढच्या वर्षी या" म्हणावं, तर आपण दुकान फोडू. घराच्या बाबतीत मात्र आपण देवाला नारळ बोलतो.

जुन्या हाउसिंग बोर्डाच्या वसाहती आठवा. कन्नमवार नगर, पंतनगर, टिळक नगर. त्यांतली कितीतरी घरं आधी भाड्याची होती. हळूहळू ती रहिवाशांच्या सोसायट्यांना मालकीने दिली. आता तिथेही पुनर्विकास चालू आहे, आणि एका पिढीने कमी भाड्यात संसार केले तिथे पुढच्या पिढीला कर्ज काढूनही घर घेता येत नाही.

यावर आक्षेप काय येणार ते मला ठाऊक आहे. आमचा पुण्याचा भाचा तर फोनवरच म्हणाला, "मावशी, तू स्वतः मालकीच्या फ्लॅटमध्ये बसून दुसऱ्यांना भाड्याने राहा म्हणतेस!" बरोबर आहे, बसले आहे. प्रॉव्हिडंट फंड आणि सोसायटीचं कर्ज यांतून तो घेतला. स्वतःच्या पैशाने ज्याला मालकी घ्यायची त्याने जरूर घ्यावी. माझं म्हणणं सार्वजनिक जमिनीवर सार्वजनिक पैशातून झालेल्या घराबद्दल आहे. आणि मालकी द्यायचीच असेल तर ती विक्रीची अट घालून द्या : घर सोडायचं झालं तर ते म्हाडालाच परत, घातलेले पैसे अधिक महागाईची वाढ एवढ्या किमतीत, आणि मग रांगेतल्या पुढच्या माणसाला. उठसूट सिंगापूरचं उदाहरण देतात ना? तिथेसुद्धा सरकारी फ्लॅट नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने देतात. जमीन सरकारचीच राहते.

दुसरा आक्षेप : सरकारला भाड्याची घरं सांभाळता येत नाहीत, भाडं थकतं, पोटभाडेकरू घुसतात, खोल्या परस्पर विकल्या जातात. खरं आहे. बीडीडीतही झालं. पण रेल्वे क्वार्टर्स आहेतच की! माणूस निवृत्त झाला की घर पुढच्याला. मुंबईतल्या पारशी बागा बघा. पारशी पंचायतीने हजारो घरं पिढ्यान् पिढ्या आपल्या ताब्यात ठेवली आहेत. वादविवाद तिथेही कमी नाहीत, पण घरं त्या समाजाच्या हातात आहेत. आणि परदेशातलं बघायचं तर ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना बघा. पहिल्या महायुद्धानंतर ते शहर कंगाल झालं होतं, मुंबईपेक्षा कितीतरी वाईट अवस्थेत. १९२३ साली तिथल्या नगरपालिकेने घरांवर चढता कर बसवला. मोठ्या हवेलीवाल्याला जास्त, खोलीवाल्याला नाममात्र. त्या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांवर घरं बांधली, आणि मुख्य म्हणजे ती राखली. आज त्या शहराकडे सुमारे दोन लाख वीस हजार घरं आहेत, आणि जवळपास निम्मं शहर पालिकेच्या किंवा अनुदानातून झालेल्या घरांत राहतं. पैसे कमी होते म्हणूनच त्यांनी घरं विकली नाहीत. श्रीमंताला उधळपट्टी परवडते, गरिबाला राखूनच राहावं लागतं.

आपल्याकडेही प्रयत्न झाला होता बरं का. २००८ मध्ये एमएमआरडीएने भाड्याच्या घरांची योजना आणली होती, १६० फुटांची घरं. काही वर्षांत ती गुंडाळली. पनवेलजवळ कोन इथे दोन-दोन घरं जोडून ती गिरणी कामगारांना विकून टाकली. पुन्हा तेच, मुद्दल मोड.

मग करायचं काय? मी काही नगररचनाकार नाही, बी.ए. झालेली मास्तरीण आहे. पण घर चालवलेल्या कुठल्याही बाईला कळेल असं सांगते.

एक, आहे ते विकू नका. याला पैसा लागत नाही. सरकारी, पालिकेची, म्हाडाची जी जमीन आणि घरं उरली आहेत ती मालकीने देणं आजपासून बंद.

दोन, पाडायच्या आधी दुरुस्त करा. ज्या इमारतीत दुरुस्तीने तीस वर्षं निघतील ती टॉवरच्या लोभाने मोडकळीला येऊ देऊ नका. सगळ्यांत स्वस्त घर ते, जे आधीच उभं आहे.

तीन, बिल्डरकडून प्रीमियमचे पैसे नकोत, घरं घ्या. पैसा तिजोरीत जाऊन मुरतो, पण घर शहराच्या हातात राहतं. मोठ्या गृहप्रकल्पांतली जी वीस टक्के घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवायची असतात आणि पुणे-ठाण्याकडे सोडतीत निघतात, त्यांतली निम्मी तरी भाड्याने ठेवून बघा.

चार, भाडं फुकट नको, उत्पन्नाप्रमाणे घ्या, आणि त्यातला ठरलेला भाग दुरुस्तीसाठी वेगळा ठेवा. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

पाच, कापसाच्या गाठीसारखा एक कर शोधा. २०११ च्या जनगणनेत मुंबईत पावणेपाच लाखांच्या वर घरं रिकामी होती. कुलूप लावून ठेवलेल्या घरावर कर बसवा आणि तो पैसा फक्त भाड्याच्या घरांना द्या. आणि "पैसा नाही" असं कृपा करून कुणी म्हणू नका. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर होतं. त्याला खर्चाच्या वाटा पुष्कळ आहेत, कबूल. पण वाटा ठरवतं कोण? आपण निवडून दिलेलेच ना?

राज्याच्या २०२५ च्या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत पस्तीस लाख घरांचं लक्ष्य आहे. भाड्याच्या घरांचाही त्यात उल्लेख आहे, हे चांगलंच. पण मला आकडा बांधण्याचा नको, राखण्याचा हवा आहे. त्या पस्तीस लाखांपैकी २०६० साली किती घरं एखाद्या नर्सला, कंडक्टरला, शाळेतल्या नव्या शिक्षिकेला परवडणाऱ्या भाड्यात मिळतील? याचं उत्तर जर "एकही नाही" असेल, तर आपण घरांचा प्रश्न सोडवत नाही, फक्त नशीबवान माणसं निवडतो आहोत.

तुमच्याकडे मतं मागायला जो कोणी येईल त्याला, तो कुठल्याही पक्षाचा असो, एवढंच विचारा : तुमच्या काळात शहराच्या मालकीची घरं वाढली की कमी झाली? एवढ्या एका आकड्यावर तो काय बोलतो ते बघा, आणि मला कळवा.

असो. लांबलं खूप. ज्यांना भांडायचं आहे त्यांनी जरूर भांडावं, फक्त दुपारी दोन ते चार फोन करू नका. भाच्याने तर मुळीच नाही.